फुग्यात कोंकणी, पट्टीत मराठी

गोव्यात डिचोलीला रात्रीचे नऊ वाजलेले, ब्रुसेल्समध्ये संध्याकाळचे साडेपाच. भाच्याचा फोन. "मामा, कॉमिक काडपाचें थारायलां. मराठींत बरोवूं काय कोंकणींत?"

किती पानं झाली, मी विचारलं. एकही नाही. मुखपृष्ठ मात्र तीनदा काढून झालंय. चौघांच्या कंपूत दोन महिने एकच वाद चाललाय. एकाला देवनागरी कोंकणी हवी. दुसऱ्याला रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कारण त्याच्या घरात तीच वाचतात. तिसरा म्हणतो, मराठीत काढलं तर सावंतवाडीच्या पलीकडेही वाचक मिळेल. चौथा चित्रं काढतो, त्यामुळे त्याला कुणी विचारतच नाही.

हसू आलं, पण हसलो नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीही वापरता येईल अशी सोय ठेवली, तेव्हा आमच्या ओसरीवर वडील आणि काका आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. काका मराठीवाले. भांडायचे मात्र अस्खलित कोंकणीतून.

मी ज्या शहरात राहतो तिथे प्रत्येक रस्त्याच्या पाटीवर दोन नावं असतात, फ्रेंच आणि डच. भाषेवरून भांडण्यात या बेल्जियमने आपल्यालाही मागे टाकलंय. १९६८ मध्ये लूव्हेनच्या जुन्या विद्यापीठाच्या वादात सरकार पडलं आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम-विषम क्रमांक पाहून वाटून घेतली. भाऊबंदकीत तांब्या-पितळेची वाटणी होते तशी. पण याच देशात १९३८ मध्ये एक चित्रकथा साप्ताहिक फ्रेंचमध्ये निघालं आणि त्याच वर्षी त्याची डच आवृत्तीही आली. चित्रं तीच, फुग्यातली अक्षरं बदललेली. १९४५ मध्ये सुरू झालेली 'सुस्के एन विस्के' ही मालिका आधी फ्लेमिश वळणाच्या बोलीत होती, हॉलंडमध्ये खपायला लागल्यावर तिची भाषा प्रमाण डच झाली. म्हणजे भाषेचा प्रश्न आला, पण तो पानं झाल्यावर आला.

परदेशात बसून असे दाखले देणाऱ्यांचा मला स्वतःलाच कंटाळा आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. इथे भिंती-भिंतींवर कॉमिकमधली पात्रं रंगवलेली आहेत, १९०६ च्या एका देखण्या इमारतीत कॉमिकचं संग्रहालय आहे, लोक याला नववी कला म्हणतात. तरी शेजारच्या फ्रान्समध्ये २०१६ साली जाहीर झालेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त चित्रकथाकारांची वार्षिक कमाई किमान वेतनाच्या खाली निघाली. तेव्हा "तिकडे कलेला किंमत आहे" हे वाक्य मला ऐकवू नका. नोकरी सांभाळून काढा. इथलेही बरेच जण तसंच करतात.

भाच्याला मी दिलेलं उत्तर त्याला पटलं नाही, म्हणून इथे नीट मांडतो. गोव्यातल्या माझ्यासारख्या घरात आजी बोलते कोंकणी, आरती आणि पोथी मराठी, पेपर मराठी, शाळेची वही इंग्रजी. गोष्ट लिहायला बसलं की यातलं एक निवडावं लागतं आणि बाकीचं खोटं पडतं. कॉमिकचं पान मात्र मुळातच दोन आवाजांचं. वर निवेदनाची पट्टी, खाली बोलण्याचा फुगा. पट्टी मराठीत लिही, फुगा कोंकणीत. "त्या वर्षी मिरग लवकर आला" असं वर, आणि खाली दारात उभी आजी: "पावस पडटा, भितर यो." कुठल्या वाचकाला हे कळणार नाही? शेजारच्या ख्रिस्ती मित्राच्या आजीचा फुगा रोमीत येऊ दे. तिन्ही बाजूंचे लोक रागावतील हे मला माहीत आहे. अनुदानाच्या अर्जात 'भाषा' या रकान्यात काय भरायचं हा प्रश्नही येईल. येऊ दे.

खरी अडचण तांत्रिक आहे, आणि तिच्याबद्दल या कंपूत कुणी बोलत नाही. रोमन कॉमिकमधलं अक्षरलेखन बहुधा मोठ्या अक्षरांत असतं, वर-खाली काही लोंबत नाही, ओळी चिकटून बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, जोडाक्षराचा पाय. तेवढ्याच फुग्यात पाच ओळी घुसवल्या की उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणून आधी वाक्य लिहायचं, हातानेच, मग त्याभोवती फुगा, आणि उरलेल्या जागेत चित्र. बहुतेक मुलं उलट करतात. ओरडणं दाखवायला आपल्याकडे मोठी लिपी नाही, तेव्हा अक्षर जाड करा किंवा शिरोरेषा थरथरती काढा. आणि चित्रात पाऊस दिसतोय तर पट्टीत पुन्हा 'पाऊस पडत होता' लिहू नका. वर लिहिलेलं मिरगाचं वाक्य चालतं, कारण मिरग लवकर आला हे चित्रात काढता येत नाही.

रंगाच्याही मागे आधी लागू नये. मोरजीला मोरजाईच्या देवळातली कावी, म्हणजे भिंतीवरची चित्रं, बघून यावी. तांबडी माती आणि पांढरा चुना, बस्स.

दोनशे पानांची महागाथा नको. ए-फोरचे दोन कागद मधोमध दुमडले की आठ पानं होतात. झेरॉक्स, दोन पिना, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घेऊन उभं राहायचं. इथल्या अल्बमची, म्हणजे कॉमिकच्या पुस्तकाची, ठरलेली ४८ पानंसुद्धा कुणा प्रतिभावंताने ठरवलेली नाहीत. सोळा पानांचा एक फर्मा, असे तीन, हा छापखान्याचा हिशेब.

कुणी छापतो म्हणाला तर कागद वाचून सही करा. मी विशीत एका प्रकाशकाला बारा चित्रं तोंडी बोलीवर दिली होती. ती नंतर एका कॅलेंडरवर दिसली, माझ्या नावाशिवाय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

गोव्यात राहून काय होणार, हे रडगाणंही भाच्याने लावलं. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांना १९५९ मध्ये शिष्यवृत्तीवर लिस्बन मिळालं, हे त्याला पाठ आहे. पण त्याच्या दहा वर्षं आधीपासूनच्या त्यांच्या चित्रमय रोजनिश्या आहेत, त्या त्याने उघडलेल्या नाहीत. रोज एक नोंद. गावातली लग्नं, पाद्री, कुत्री, शेजारी. माझ्या मते ते लिस्बनपेक्षा जास्त कामाला आलं. मी स्वतः वीस वर्षं इथे आहे आणि अजून एकाही बेल्जियन माणसाचं नाक मला धड काढता येत नाही. आमच्या पदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, मात्र डोळे मिटून काढतो, सायकलसकट.

परवा त्याने दोन पानं पाठवली. पट्टी मराठीत, फुगा कोंकणीत. दारातली आजी म्हणजे माझी आईच आहे, पदर खोचण्याची तऱ्हासुद्धा. फक्त 'भितर यो' मधली वेलांटी फुग्याच्या रेषेत घुसली आहे. तेवढं कळवलं.