तो काटा गव्हाचा, हा तांब्याचा

नौपाड्यातील आत्याची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा बिल्डरने जागा रिकामी करण्याची तारीख कळवली. जागेतल्या वस्तूंचे काय करायचे, हे कळवण्याची तसदी मात्र घेतली नाही. आत्याला मूलबाळ नसल्यामुळे तिचा संसार आम्हा भाचरंडांच्या गळ्यात पडला. सागवानी पलंग, गोदरेजचे कपाट, शिवणयंत्र, तांब्याचा बंब, ठोक्यांचे घड्याळ आणि दर दिवाळीला घासूनपुसून पुन्हा माळ्यावर जाणारी पितळी भांडी यांतले काहीही स्वतःच्या घरी न्यायला कोणी तयार नव्हते. पण ‘कवडीमोलाने विकायचे नाही’ या ठरावावर आमच्या घराण्यात अपूर्व एकमत झाले. मी ठाण्यातच राहत असल्यामुळे विश्वासू माणूस शोधण्याचे काम बिनविरोध माझ्याकडे आले.

परदेशात घरातल्या सामानाला किंमत लावून ते विकून देणारे आणि विक्रीवर टक्केवारी घेणारे व्यावसायिक असतात. आपल्याकडे बहुधा किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच असतो, आणि सगळी गोम इथेच आहे. पलंगाचे मोल ज्याला विचारायचे, त्यालाच तो पलंग हवा असतो. त्यामुळे जिन्यात अत्यंत सज्जन वाटलेला गृहस्थ पलंगाजवळ येताच तोंड कडू करतो, पायाला नखाने टोकरतो आणि सांत्वनाला आल्यासारख्या सुरात ‘वाळवी आहे’ असे सांगतो. याउलट ज्या वस्तूची तो तोंड भरून स्तुती करतो, ती त्याला नको असते. शिवणयंत्राची स्तुती सगळ्यांनीच केली.

बंबाची गोष्ट वेगळी, कारण तो वजनावर जातो आणि वजनात मतभेदाला जागा नसते, असे मला वाटत होते. खालच्या वाण्याच्या काट्यावर तो सव्वानऊ किलो भरला होता. भंगारवाल्याने तो आपल्या ताणकाट्याला लटकवला, काटा डोलायचा थांबण्याआधीच ‘सात’ म्हणून टाकले आणि आतली जाळी लोखंडाची म्हणून त्यातूनही घट धरली. मी वाण्याच्या काट्याचा दाखला दिला, तेव्हा तो जराही न डगमगता म्हणाला, “ताई, तो काटा गव्हाचा, हा तांब्याचा.” यावर वैधमापन खात्यालाही काही सुचले असते, असे वाटत नाही.

घड्याळासाठी चोर बाजारातील एका व्यापाऱ्याला बोलावले. आपल्याकडच्या 1972 च्या कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरायला किमान 100 वर्षे जावी लागतात. या व्यवहारात मात्र नौपाड्यापासून चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटपर्यंतचा टेम्पोचा प्रवास पुरतो. आमच्या भिंतीवर असेतोवर ते घड्याळ जुनाट होते, आणि त्याच्या दुकानात ते काय होणार होते, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होते. मी त्याला सुचवले की, दहा टक्के घ्या, पण आमच्या बाजूने भाव करा. तो प्रामाणिकपणे गोंधळला. “मग मी भाव कोणाशी करायचा?”

शेवटी घंटाळीजवळचे एक वृद्ध सुतारकाका भेटले. त्यांचे स्वतःचे बिऱ्हाड एका खोलीचे असल्यामुळे आमची कोणतीही वस्तू त्यांना नको होती, आणि त्यांच्या सचोटीचा माझ्या दृष्टीने हाच सर्वांत भक्कम पुरावा होता. त्यांनी आधी पलंगाखाली बॅटरी मारून वाळवी नसल्याचे सांगितले. मग प्रत्येक खण बाहेर काढून उलटा केला, कारण कागद खणात नसतात, खणामागे पडतात. आत्याच्या मुदत ठेवीची एक पावती तिथूनच निघाली. त्यानंतर दोनशे पानी वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन गिऱ्हाइकांचे भाव, घेणाऱ्याची सही आणि स्वतःचे टक्के, असा हिशेब त्यांनी मांडला.

त्या वहीचे फोटो मी घराण्याच्या ग्रुपवर पाठवले. पुण्याच्या दादाने प्रत्येक बेरीज पडताळून पाहिली, एका पैशाचाही फरक सापडत नाही म्हटल्यावर तो अस्वस्थ झाला आणि रात्री उशिरा त्याचा फोन आला, “इतका चोख हिशेब ठेवतो म्हणजे माणूस काहीतरी लपवत असणार.”