माहेर पणाला लावून घेतलेली सही

दुय्यम निबंधक कार्यालयात आज हक्कसोडपत्राला, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताला, आलेली एक ताई पाहिली, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. फोटो झाला, अंगठा झाला. साहेबांनी विचारलं, "दस्त कबूल आहे?" तिने आधी भावाकडे बघितलं, मग म्हणाली, "हो."

ह्याला संमती म्हणायचं?

"सही नाही केलीस तर आम्ही तुला मेलो समज" हे घरीच बोलून झालेलं असतं, कचेरीत सगळे गोड असतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला. वडील तेव्हा हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं. म्हणून तर बहिणीच्या सहीची एवढी घाई!

करार कायद्याच्या कलम १५ मध्ये जबरदस्ती म्हणजे गुन्हा ठरणारं कृत्य करणं किंवा त्याची धमकी देणं, नाहीतर मिळकत बेकायदा अडकवणं. १९१७ साली मद्रास हायकोर्टासमोर असंच हक्कसोडपत्र होतं. नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून ते आपल्या भावाच्या नावे करून घेतलेलं. बहुमताने ती जबरदस्ती ठरली. पण माहेर तोडायची धमकी? तो गुन्हा नाही, म्हणून कलम १५ मध्ये बसत नाही. चीड येते ती इथेच. मग उरतं कलम १६, अवाजवी प्रभाव. भावाचं तिच्या मनावर वर्चस्व होतं आणि त्याने त्याचा गैरफायदा घेतला, हे दाखवावं लागतं. दस्तात "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" हे आधीच टाइप केलेलं असतं, आणि कोर्टात तेच वाक्य तिच्यासमोर धरतात.

आईवडिलांचं सगळं भावाने केलं म्हणून मनापासून हिस्सा सोडणाऱ्या बहिणी असतात, मान्य. त्यांना भावाकडे बघून "हो" म्हणावं लागत नाही.

ताई, कुणी "चल, सही करून येऊ" म्हणालं तर मसुदा दोन दिवस आधी घरी माग. गट नंबर, क्षेत्र, कोणाच्या नावे सोडतेस, एकाच जमिनीतला हक्क सोडतेस की सगळ्या मिळकतींतला, हे बघ. कचेरीत दस्त कबूल नाही म्हणालीस तर तुझ्यापुरती नोंदणी नाकारावीच लागते. सही होऊन गेली असेल तरी सगळं संपलेलं नाही. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीची, नोटीस आली की पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत दे आणि पोच घे. मात्र त्याने दस्त रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी दावाच लागतो आणि मुदत तीन वर्षांची. भावाचे मेसेज पुसू नकोस.