विसाव्या फेरीनंतरची मुलं

२०१९ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या बोवीच्या मैदानावर मी सेड्रिक मलिन्सला पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्याच वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी तो बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा सेंटर फील्डर होता. मग २२ सामन्यांत ६४ ॲट-बॅट्स (बॅटिंगच्या संधी) आणि ६ हिट्स (यशस्वी फटके). त्याला ट्रिपल-एला, म्हणजे मोठ्या लीगच्या एक पायरी खाली, नॉरफॉकला पाठवलं, तिथेही जमेना म्हणून आणखी एक पायरी खाली, डबल-एला, आमच्या बोवीला. तिकीट स्वस्त, गर्दी तुरळक. मी पहिल्या बेसच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होते. तो सामन्याआधी एकटाच आउटफिल्डमध्ये धावत होता, परत येत होता, पुन्हा धावत होता. माझ्या मागे बसलेला एक माणूस म्हणाला, हा संपला. मीही मनात तेच म्हटलं होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, याच मलिन्सने एका मोसमात ३० होमरन मारले आणि ३० बेस चोरले (चेंडू टाकणाऱ्याला चकवून धावत पुढचा बेस गाठला). ओरिओल्सच्या इतिहासात ते आधी कुणालाच जमलं नव्हतं. मधल्या काळात त्याच्या आतड्याच्या आजाराचं ऑपरेशन झालं होतं, आणि दोन्ही हातांनी बॅटिंग करायचं सोडून तो फक्त डावखुरा खेळायला लागला होता. मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही म्हणून तो नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्पबेल विद्यापीठात खेळला, आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तेराव्या फेरीत निवडला गेला.

मी कल्याणची. मेरीलँडमध्ये येऊन बरीच वर्षं झाली. बेसबॉल इथे आल्यावर शिकले, पण मला त्यात ओढून घेतलं ते मोठ्या संघाने नाही, ड्राफ्टने आणि मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या लीगखालच्या संघांतल्या, या पोरांनी. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे समजवायला एक गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे एखादा मुलगा शाळेच्या सामन्यांतून, क्लबातून, मग रणजीतून वर येतो. इथे दर जुलैमध्ये तीस संघ अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोमधल्या शाळा-कॉलेजांतली मुलं एकामागून एक निवडतात, प्रत्येक फेरीत एका संघाला साधारण एक मुलगा. हा ड्राफ्ट १९६५ पासून चालू आहे. निवडलेला मुलगा लगेच मोठ्या संघात जात नाही. ओरिओल्सचा मुलगा आधी फ्लोरिडात सॅरासोटाला जातो, मग डेलमार्व्हा, हाय-ए, डबल-ए, नॉरफॉक असं एकेक पाऊल वर. तीन-चार-पाच वर्षं. बहुतेकांची वाट मध्येच कुठेतरी संपते.

आमचं भाग्य असं की ओरिओल्सचे यातले बरेच संघ घरापासून गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर खेळतात. बे ब्रिज ओलांडून सॅलिसबरीला, डेलमार्व्हाच्या मैदानावर, गेलं की अठरा-एकोणीस वर्षांची पोरं दिसतात. चेंडू हातातून सुटला की त्यांचे चेहरे पडतात, ते लपवणं अजून त्यांना यायचं असतं. दोन वर्षांनी तोच मुलगा बोवीला दिसतो. खांदे रुंद झालेले असतात, चेहरा मिटलेला असतो. हे पाहणं मला फार आवडतं. हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, पण एखाद्या मुलाने गेल्या वर्षी न ओळखलेला स्लायडर (वळणारा चेंडू) या वर्षी ओळखला की मला घरातल्या कुणाचा निकाल लागल्यासारखा आनंद होतो.

ओरिओल्सने २०१८ मध्ये ११५ सामने गमावले, २०१९ मध्ये १०८, २०२१ मध्ये ११०. हरण्याचं बक्षीस म्हणून ड्राफ्टमध्ये वरचे पिक्स (निवडीचे पहिले क्रमांक) मिळत गेले. २०१९ ला पहिल्याच पिकवर ॲडली रचमन, त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत अलाबामाच्या सेल्मा गावचा गनर हेंडरसन, २०२२ ला पुन्हा पहिल्या पिकवर जॅक्सन हॉलिडे. सलग तीन वर्षं 'बेसबॉल अमेरिका' मासिकाच्या यादीत देशातला पहिल्या क्रमांकाचा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) आमच्याकडचा होता. २०२३ मध्ये १०१ विजय मिळाले. त्या वर्षी ओरिओल्सच्या मैदानावर, कॅमडन यार्ड्समध्ये, मी घसा बसेपर्यंत ओरडले. प्लेऑफमध्ये टेक्सासने तीन सामन्यांत बाहेर काढलं, २०२४ मध्ये कॅन्सस सिटीने दोन सामन्यांत, आणि २०२५ मध्ये संघ ७५ विजयांवर घसरला.

या घसरणीनंतर आमच्या ओरिओल्सच्या चाहत्यांची भाषा बदलली, त्याबद्दल मला बोलायचं आहे. ज्या पोरांची नावं पाठ होती, त्यांनाच आता 'बस्ट' (फुकट गेलेला) म्हणतात. हॉलिडेचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२४ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो बॉस्टनला पहिला सामना खेळला. ३४ ॲट-बॅट्समध्ये २ हिट्स मिळाल्या आणि तो पुन्हा नॉरफॉकला. त्या दोन आठवड्यांत त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मी वाचलं आहे, आणि लिहिणाऱ्यांत माझ्या ओळखीचेही होते. ३१ जुलैला तो परत आला आणि टोरॉन्टोविरुद्ध ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर धावणारे असताना होमरन) मारला, चेंडू थेट कुंपणापलीकडच्या युटॉ स्ट्रीटवर. तेव्हा तेच लोक नाचत होते. मीही नाचले. पण तो मुलगा एप्रिलमध्येही तोच होता.

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ड्राफ्टचा सगळा डोलारा या म्हणीवर उभा आहे, आणि ही म्हण खोटी आहे असं माझं अनेक वर्षांच्या पाहण्यातून झालेलं मत आहे. काही पाय दिसतात, रचमनचे दिसलेच होते. पण २००९ मध्ये ओरिओल्सने पाचव्या पिकवर कॅलिफोर्नियाचा शाळकरी पिचर (चेंडू टाकणारा) मॅट हॉबगूड घेतला. खांद्याने दगा दिला आणि तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे मोठा तारा झालेला माइक ट्राउट पंचविसाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. हॉबगूडचं नाव आमच्याकडे आजही शिवीसारखं घेतलं जातं. एका अठरा वर्षांच्या मुलाला संघाने निवडलं, त्याने होकार दिला, मग त्याचा खांदा गेला. यात त्याचा गुन्हा काय?

हे लिहिताना मला आमच्या कल्याणचा प्रणव धनावडे आठवतो. जानेवारी २०१६ मध्ये शाळेच्या सामन्यात या मुलाने नाबाद १००९ केल्या आणि दोन दिवसांत जगभर नाव झालं. इथे बर्फ पडत होता आणि माझा फोन कल्याणहून येणाऱ्या मेसेजेसनी भरून गेला होता. वडील रिक्षा चालवायचे. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी मुलाचा फॉर्म गेल्यावर वडिलांनीच ती बंद करा असं कळवलं. मला त्या कुटुंबाबद्दल मनापासून आदर वाटतो. पंधराव्या वर्षी एका मुलावर आपण सगळ्यांनी केवढं ओझं टाकलं, आणि ते उतरवून ठेवण्याचा प्रामाणिकपणाही त्यांनाच दाखवावा लागला. वेळ द्यायची तयारी आपल्यापैकी कुणाची होती?

बेसबॉलमध्ये निदान वेळ द्यायची एक व्यवस्था होती. तीच आता आखडत चालली आहे, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

२०१९ पर्यंत ड्राफ्ट ४० फेऱ्यांचा असायचा, त्याआधी तर ५० किंवा त्याहूनही जास्त. २०२० मध्ये कोविडमुळे फक्त ५ फेऱ्या झाल्या. ते समजण्यासारखं होतं. पण २०२१ पासून कायमच्या २० ठेवल्या. त्याच हिवाळ्यात मेजर लीगने मायनर लीगचे १६० संलग्न संघ १२० वर आणले. फ्रेडरिक कीज हा आमच्या मेरीलँडचा जुना संघ त्यात गेला, आणि पुढे काही वर्षं तिथे ड्राफ्टची वाट पाहणारी पोरं खेळली. वाईट नव्हतं ते, पण ओरिओल्सची साखळी आपल्या गावात आहे हे फ्रेडरिकच्या लोकांचं सुख तेवढ्या काळापुरतं गेलं.

याची दुसरी बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. मायनर लीगच्या पोरांचे हाल होते. २०२२ पर्यंत डबल-ए मधल्या मुलाचा किमान वर्षाचा पगार १३,८०० डॉलर्स होता. पाच-सहा जण एका फ्लॅटमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपत. २०२२ पासून संघांना राहण्याची सोय करणं भाग पडलं, त्याच वर्षी पोरं खेळाडूंच्या युनियनमध्ये आली आणि २०२३ च्या करारात हा पगार ३०,२५० झाला. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण त्याच करारात प्रत्येक संघाला देशात ठेवता येणाऱ्या मायनर लीग खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ वर आली. पोटभर जेवण द्यायचं म्हणून पंगतीतली पानंच कमी केली. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या तीस मालकांना पंधरा पोरांचा पगार जड जातो हे मला कुणी पटवू शकणार नाही.

विसाव्या फेरीनंतर कुठे कोण मिळतं, असं विचारणाऱ्यांना नावं सांगते. माइक पियाझा, १९८८, बासष्टावी फेरी, आज हॉल ऑफ फेममध्ये. मार्क बर्ली अडतिसाव्या फेरीतला, त्याने परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर येऊ न देता पूर्ण सामना) टाकला. यांकीजचे अँडी पेटिट बाविसाव्या आणि होर्हे पोसाडा चोविसाव्या फेरीतले, दोघेही १९९० च्या एकाच ड्राफ्टमधले. केव्हिन किअरमायर एकतिसाव्या फेरीतला, इलिनॉयमधल्या एका छोट्या कॉलेजातून आलेला. तो टँपा बेकडून आमच्याच विरुद्ध खेळायचा. २०१५ मध्ये त्याने मॅनी मशाडोचा कुंपणापलीकडे चाललेला होमरन उडी मारून हातात घेतला तो क्षण मला टीव्हीसमोर उभी असल्यासारखा आठवतो. इतका राग आला होता, आणि इतकं कौतुकही. या सगळ्यांची दारं आज बंद आहेत.

मलिन्सची तेरावी फेरी आजही आहे, हे मान्य. जॉन मीन्सची अकरावीही आहे. मे २०२१ मध्ये सिएटलला नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकणारा तोच मीन्स. ट्रे मॅन्सिनी आठव्या फेरीतला, आतड्याच्या कॅन्सरमधून उठून २०२१ मध्ये परत मैदानात आला. पण फेरी हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. चुकलेल्या मुलाला पुन्हा एक उन्हाळा, मग आणखी एक उन्हाळा मिळावा लागतो, आणि जागा कमी झाल्या की पहिले कापले जातात ते हेच उन्हाळे. बक्कळ बोनस घेतलेल्या मुलाची वाट पाहायला संघ तयार असतो. २०२० मध्ये दुसऱ्या पिकवर घेतलेल्या हेस्टन केरस्टॅडला हृदयाच्या स्नायूंना सूज आल्याचं कळलं. ड्राफ्टनंतर जवळजवळ दोन वर्षं तो एकही सामना खेळला नाही. संघ थांबला, थांबायलाच हवं होतं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला. अठराव्या फेरीतल्या पोरासाठी कोण थांबेल?

मला यातलं एक पोर माहीत आहे. त्याचं नाव लिहित नाही. कीजच्या सामन्याला, फेऱ्या कापल्या त्याच्या आधीची गोष्ट. होम प्लेटच्या मागे माझ्या शेजारच्या खुर्चीत एक उंच मुलगा रडार गन (चेंडूचा वेग मोजायचं यंत्र) घेऊन बसला होता आणि कागदावर प्रत्येक चेंडू लिहून घेत होता. दुसऱ्या दिवशी ज्याला पिचिंग करायचं असतं त्याला आदल्या दिवशी हे काम असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलं तर त्याने इतकं समजावून सांगितलं. कुठला चेंडू का टाकला, बॅटरने पाय कसा ठेवला, पुढचा कुठला येईल. पुढचा तोच आला. मी पोळीभाजीचा डबा नेला होता, त्यातली बटाट्याची भाजी त्याने गुंडाळी करून खाल्ली आणि कागदाला तेल लागू नये म्हणून पेन्सिल दुसऱ्या हातात धरली. पंचविसाव्या फेरीच्याही पुढचा होता तो. म्हणाला, फोन आला तेव्हा आईला खरं वाटेना, तिने दोनदा विचारलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये संघाने त्याला मोकळं केलं. ट्रान्झॅक्शन्सच्या (खेळाडू घेतल्या-सोडल्याच्या) यादीत एका ओळीत त्याचं नाव होतं. मी ती ओळ वाचून बराच वेळ तशीच बसले.

तो मेजर लीगमध्ये पोचला असता असं मी म्हणत नाही. पण त्याला ती दोन वर्षं मिळाली, ती त्याची कमाई होती, आणि तो ज्या दारातून आत आला ते दार आज भिंतीत बुजवलं आहे.

येत्या जुलैत ड्राफ्ट आहे. पहिल्या दिवशी सगळे जण टीव्हीवर सूट घातलेली पोरं बघतील, मीही बघेन. पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, जेव्हा नावं नुसती भराभर वाचली जातात, फोटो नाही, कौतुक नाही, तेव्हा मी वही घेऊन बसते. अकरावी फेरी, बारावी, तेरावी. नाव, गाव, कॉलेज. ओरिओल्सच्या विसाव्या नावाखाली रेघ मारते आणि तारीख घालते. ऑगस्टमध्ये त्यातले काही सॅलिसबरीला येतील. पूल ओलांडून तिकडे यायचं असेल तर माझ्या गाडीत तीन जागा आहेत, डबा मी आणते. मेसेज करा.