रांगेत उभे राहून आलेल्यांना

आज पाडव्याच्या कार्यक्रमानंतर जर्मनीतल्या आमच्या मंडळाच्या सभागृहात पाने वाढली जात असताना एका ज्येष्ठ सभासदांनी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन जाहीर केले, की युरोप अखेर शहाणा झाला, जून 2026 पासून निर्वासितांसाठी नवे नियम लागू होणार आणि ‘या लोकांची’ वर्दळ थांबणार. “अगं, आपण रांगेत उभे राहून आलो, हे कुंपणावरून उड्या मारून आले,” असे ते मला म्हणाले आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन तीन तास झाले तरी ते गप्प बसणे पचलेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

नेमकी कोणती रांग, हे मला त्यांना विचारायचे होते. माझ्या रांगेच्या एका टोकाला कंपनीचे पत्र होते आणि दुसऱ्या टोकाला मुंबई ते फ्रँकफर्ट असे साधारण नऊ तासांचे विमान. पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात सक्तीच्या सरकारी सेवेला अंत नाही, म्हणून तिथून पळालेल्या मुलासाठी अशी रांग कुठेही लागत नाही. युरोपात आश्रय मागायचा तर आधी युरोपच्या भूमीवर किंवा सीमेवर पोहोचावे लागते, पोहोचायला व्हिसा लागतो, आणि आश्रय मागायला येतो म्हणून सांगणाऱ्याला व्हिसा मिळत नाही. व्हिसा नसलेल्याला विमानात बसवले तर दंड विमान कंपनीला होतो. सीरियातल्या अलेप्पोच्या एका कुटुंबाने बेल्जियमकडे असा व्हिसा मागून पाहिला होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च 2017 मध्ये निकाल दिला, की संघाच्या कायद्याने तो देण्याचे बंधन कोणत्याही सदस्य देशावर नाही. मग होडी उरते.

त्याच हिवाळ्यात मी संध्याकाळच्या जर्मन वर्गाला जात होते आणि माझ्या शेजारी इरिट्रियाचा एक मुलगा बसत असे, जेमतेम वीस वर्षांचा. भूतकाळ शिकवताना बाईंनी प्रत्येकाला ‘मी इथे कसा आलो’ हे सांगायला लावले. मी विमानाचे वाक्य बिनचूक म्हटले. तो म्हणाला, “मी होडीने आलो,” आणि चुकीचे सहायक क्रियापद वापरले, म्हणून बाईंनी त्याच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतले. मी होडीने आलो. मी होडीने आलो. मी होडीने आलो. वर्गात कोणी हसले नाही, पण कोणी पुढे काही विचारलेही नाही.

काही आठवड्यांनी मधल्या सुट्टीत त्याने एक सरकारी पत्र माझ्यापुढे धरले, एकच ओळ दिसेल असे दुमडलेले, आणि एका शब्दावर बोट ठेवले: युबरश्टेलुंग. मी फोनवर शब्द पाहिला आणि हसून सांगितले, की याचा अर्थ ट्रान्सफर, बदली. माझ्या वडिलांची दर तीन वर्षांनी होत असे, गडचिरोलीलाही झाली होती, काही काळजी करू नकोस. अख्खे पत्र मी मागितले नाही. माझ्या हातात कॉफी होती.

ज्या देशातून माणूस पहिल्यांदा युरोपात शिरला, सर्वसाधारणपणे त्याच देशाने त्याचा अर्ज तपासायचा, असा हा युरोपीय देशांतला ‘डब्लिन’ नियम आहे. बोटांचे ठसे इटलीत घेतले गेले असतील तर जर्मनी त्याला इटलीला परत पाठवू शकते. इटलीने होकार दिल्यावर सहा महिन्यांत पाठवणे झाले नाही, तर जबाबदारी जर्मनीवर येते. म्हणून माणसे दिवस मोजत राहतात. तोही वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत असे, आणि तो उजळणी मोजत असावा अशी माझी समजूत होती.

नव्या नियमांना काही जण सुधारणा म्हणतात. मूळ नियमाचा गाभा तसाच आहे. ठसे घेण्याचे वय मात्र चौदावरून सहा वर्षांवर आणले आहे. ज्या देशांच्या नागरिकांना आश्रय मिळण्याचे प्रमाण 20 टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्यांची चौकशी सीमेवरच होणार आणि त्या काळात त्यांनी युरोपात प्रवेश केलेलाच नाही असे कायदा मानणार. प्रत्यक्षात त्यांचे पाय त्याच मातीत रुतलेले असले तरी. निर्वासितांचा वाटा उचलायचा नसेल, तर माणशी 20,000 युरो भरण्याचा पर्यायही सदस्य देशांना आहे. लग्नात हजेरी लावायची नसली की पाकीट पाठवतात, तसा.

येणारे सगळेच छळाला कंटाळून आलेले नसतात, हे मला मान्य आहे. नगरपालिकांकडे घरे आणि शाळांत जागा उरलेल्या नाहीत, हेही मान्य. आपल्या देशाने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, तेव्हा आम्हाला बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी म्हणाले तर माझ्याकडे उत्तर नाही. पण याच युरोपाने मार्च 2022 मध्ये, 2001 पासून कपाटात पडून असलेला निर्देश बाहेर काढून, लाखो युक्रेनी माणसांना एकेकट्याची चौकशी न करता राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क काही दिवसांत दिला होता, आणि ते योग्यच झाले. तेव्हा जमले. पुढच्या वर्षी, 14 जून 2023 रोजी, लिबियातून निघालेली सुमारे 750 माणसांची मच्छीमार बोट ग्रीसच्या पिलोसजवळ बुडाली आणि 104 जण वाचले. युरोपची सीमा राखणाऱ्या संस्थेच्या विमानाने ती आदल्या दिवशीच पाहिली होती आणि ग्रीक तटरक्षकांनाही ती आदल्या दिवसापासून ठाऊक होती. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे, आणि त्या वाटीतले श्रीखंड पुन्हा डोळ्यांपुढे येते.

त्या काकांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसावी. ‘सुरक्षित’ देशांतून येणाऱ्यांचे अर्ज झटपट निकालात काढता यावेत, म्हणून युरोपीय आयोगाने एप्रिल 2025 मध्ये जी यादी सुचवली, तिच्यात बांगलादेश, इजिप्त, ट्युनिशिया यांच्या जोडीला भारताचेही नाव आहे. आश्रय मागणाऱ्या भारतीयाला तिथे कोणी तुमची रांग विचारणार नाही, काका. तोही ‘या लोकांतलाच’ धरला जाईल.

तुमच्यावर एवढे रागावण्याचा मला तरी काय अधिकार आहे, हेही आता लिहिता लिहिता जाणवते आहे. तुम्ही निदान बोललात.

त्या मुलाची खुर्ची मार्चमध्ये रिकामी झाली. पहाटे पोलीस येऊन त्याला इटलीला घेऊन गेले, असे बाईंनी सांगितले आणि धडा पुढे सुरू केला. अशा पत्राविरुद्ध न्यायालयात दाद मागायला जर्मनीत एकच आठवडा मिळतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. पत्र बहुधा नुकतेच हाती पडले असावे, कारण पाकीट अजून त्याच्या दुसऱ्या हातात होते. त्या सात दिवसांतली एक सुट्टी त्याने माझ्या वडिलांच्या बदल्या ऐकण्यात घालवली.