पुतण्या पैलवान असला तरी आईंना काखेतून उचलू नका (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पेशंट उचलण्यावरचा माझा लेख इंग्लंडच्या हॉस्पिटलसाठी ठीक आहे, तिकडं उचलायलाच बंदी आहे, पण मंगळवार पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत हॉईस्ट (पेशंटला झोळीत घालून उचलणारं चाकांचं यंत्र) लावायचं कुठं, पुतण्या तालमीत जातो तो पॅरालिसिस झालेल्या आज्जीला, म्हणजे तुमच्या आईंना, काखेत हात घालून एका झटक्यात खुर्चीत बसवतो, आणि फिजिओला पेशंट उचलायचाच नसेल तर फी कशाची घेता.

खोलीचं पटलं. जुन्या पेठेतल्या घरात पलंग आणि कपाटाच्या मधनं माणूसच आडवा होऊन जातो, तिथं हॉईस्टची चाकं कुठं फिरणार, म्हणून घरी हॉईस्ट घ्याच असं मी कुणाला सांगत नाही. काखेतून उचलायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

पुतण्या आखाड्यात ज्याला उचलतो तो गडी अंग ताठ धरतो, स्वतः पकड घेतो, पडायचं कसं हेही त्याला माहीत असतं. आईंचा गेलेला हात तसा नाही. खांद्याची वाटी उथळ असते, हाडाचा गोळा जागेवर राहतो तो बराचसा भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर, आणि पॅरालिसिसमध्ये तेच स्नायू ढिले पडतात, हाताच्या वजनानं गोळा खाली उतरतो. बऱ्याच पेशंटच्या खांद्यावरच्या हाडाखाली बोट ठेवलं की खळगा लागतो. अशा खांद्याखाली हात घालून सगळं अंग उचललं की पूर्ण ताण त्या सांध्यावर येतो, मग खांदा दुखायला लागतो, पेशंट हाताला कुणाला शिवू देत नाही, आणि हाताचा व्यायाम महिनोन्‌महिने अडकून बसतो. पुतण्या किती ताकदीचा आहे याचा इथं काही संबंधच येत नाही.

आता बंदीचं. इंग्लंडचा कामावर वजन उचलण्याबद्दलचा १९९२ चा नियम सांगतो की धोक्याचं उचलणं शक्य तिथं टाळा, टाळता येत नसेल तर आधी धोका तपासा, मग तो कमी करा. सरसकट बंदी त्यात नाही. उलट २००३ मध्ये घरी राहणाऱ्या दोन अपंग बहिणींच्या केसमध्ये तिथल्या कोर्टानं स्पष्ट सांगितलं की माणसानं उचलायचंच नाही असा सरसकट नियम चालणार नाही, पेशंटचा मान आणि काळजी घेणाऱ्याची पाठ दोन्ही बघायला पाहिजे. मला हे फार पटतं. आणि आकडेही बघा, तिथल्या सरकारी मार्गदर्शनात कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेल्या वजनासाठी पुरुषाला २५ किलो आणि बाईला १६ किलोच्या पुढं नीट विचार करा असं आहे, दोघांनी मिळून उचललं तर दोघांच्या ताकदीच्या बेरजेचे साधारण दोन तृतीयांशच धरायचे, आणि हे सगळं स्थिर वजनासाठी. पेशंट तर मधेच गुडघ्यात वाकतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो. म्हणून अमेरिकेत थॉमस वॉटर्स या संशोधकांनी २००७ मध्ये पेशंटसाठी ३५ पौंड, म्हणजे १६ किलोच्या आसपासची मर्यादा सुचवली. मग ६० किलोच्या आईंना रोज चार वेळा उचलणाऱ्याच्या कमरेचं काय होणार?

आणि फीचं म्हणाल तर खरं काम इथंच आहे. मी घरी गेल्यावर आधी बघतो, आज आईंना चक्कर येतीय का, सांगितलेलं समजतंय का, कालच्याइतका जोर पायात आहे का, लघवीच्या पिशवीची नळी पलंगाला अडकलीय का, फरशी ओली आहे का, मदतीला कोण आहे. याला दोन मिनिटं लागतात, कागद लागत नाही. मग खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावून, चाकं असली तर ब्रेक लावून. आईंना पलंगाच्या कडेपर्यंत सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं, कमरेला रुंद पट्टा, आपला गुडघा त्यांच्या अधू गुडघ्याला टेकवून ठेवायचा आणि त्यांना पुढं वाकायला सांगायचं, अगदी नाक पावलांच्या पुढं येईपर्यंत. बऱ्याच वेळा बूड आपसूक उचललं जातं. मग पट्ट्याला धरून फक्त साथ द्यायची, आणि वळवून बसवायचं. पाय जोर घेतच नसेल किंवा चक्कर येत असेल तर त्या दिवशी उभं करायचंच नाही, पलंगावरच बसवायचं.

झटक्यात खुर्चीत ठेवलेल्या बाईचा पाय त्या वेळी काहीच काम करत नाही दादा, आणि तुम्ही मला बोलावताय ते तोच पाय कामाला लागावा म्हणून.

पुतण्याला नक्की घरी थांबवा, त्याची गरज आहेच, त्यानं फक्त काखेतला हात काढून कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचा. आईंची कुठली बाजू गेलीय, खांदा आत्ताच दुखतोय का आणि पलंग केवढा उंच आहे तेवढं कळवा, म्हणजे खुर्ची कुठं लावायची ते सांगतो.