राष्ट्रीय विमान कंपनीवर जाणकारासारखं कसं बोलावं

परवा नागपुरात धरमपेठेत एका साक्षगंधात आमच्या नात्यातल्या भाऊजींनी बुफेच्या रांगेत गाठून मला एअर इंडियाचा अख्खा इतिहास ऐकवला. मी "अहो, पण" म्हटलं की ते म्हणत, "तुले काही माहीत नाही, बाप्पा." ताटातल्या भरताचा पार गोळा झाला. तर अशी विद्वत्ता ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी ही थोडी मदत.

सुरुवात १९३२ पासूनच करा. १५ ऑक्टोबर, जेआरडी टाटा, इवलंसं पुस मॉथ विमान, कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू. आत प्रवासी होते असं बेधडक सांगा. टपालाच्या थैल्या म्हटलं की रंग उतरतो. हवाई टपालाची कल्पना घेऊन टाटांकडे आला तो नेव्हिल व्हिन्सेंट, आणि मुंबईहून पुढे मद्रासपर्यंत टपाल उडवत नेलं तेही त्यानेच, हे तर ओठांवरही आणू नका. एका फॉरवर्डमध्ये दोन नायक मावत नाहीत.

महाराजा? खराच कुणी संस्थानिक होता म्हणा. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेलं ते जाहिरातीतलं पात्र आहे, हे कोण तपासायला बसलंय!

आता १९५३. इथे आवाज चढवा. "नेहरूंनी टाटांच्या हातून हिसकावली, अन् तिथंच कंपनी मेली!" आणि लगेच गुलाबजामकडे वळा, कारण कुणी पुढचं विचारलं तर पंचाईत आहे. राष्ट्रीयीकरण जेआरडींना मुळीच रुचलं नव्हतं, हे खरं. पण त्यानंतरही एअर इंडियाचे अध्यक्ष तेच राहिले, तब्बल २५ वर्षं! बोइंग ७०७ आलं १९६० मध्ये. १९६२ पर्यंत सगळा ताफा जेटचा झाला. पहिलं जम्बो, 'एम्परर अशोक', आलं १९७१ मध्ये. ज्या सुवर्णकाळाच्या नावाने तुम्ही उसासे टाकता तो सगळा सरकारी मालकीतला आहे हो! आणि जेआरडींना काढलं कुणी? नेहरूंनी नव्हे, १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या जनता सरकारने. हे कुठल्याच पक्षाच्या सोयीचं नाही, म्हणून कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही. बरं, १९५३ मध्ये कंपनी मेली, तर १९९० मध्ये कुवेतच्या संकटात लाखावर माणसं मायदेशी आणली ती कुणी? भुताने?

२००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी झालेल्या विलीनीकरणाबद्दल नुसती मान हलवा.

२०२२ मध्ये सरकारने कंपनी टाटांना विकली, तिथवर आलात की "टाटांनी सगळं कर्ज फेडलं" असं ठणकावून सांगा. कर्ज होतं ६१,५६२ कोटींचं. त्यातलं १५,३०० कोटींचं टाटांनी अंगावर घेतलं, वर २,७०० कोटी रोख दिले. बाकीचं सरकारकडे राहिलं, म्हणजे तुमच्या-माझ्या बोडक्यावर. ज्याच्या फाटकासमोरून तुम्ही रोज गाडी हाकता ते विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातलं विमान दुरुस्ती केंद्रसुद्धा त्या सौद्यात टाटांकडे गेलं नाही.

आता पुरे झाले सल्ले. भाऊजी, वर्धा रोडवरचा प्लॉट दाखवताना 'एअरपोर्टपासून दहा मिनिटं' हे तुम्हाला बरोबर आठवतं. त्याच सोनेगावच्या विमानतळावर १९४९ पासून रोज मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं उतरायची. टपालाची आणि माणसांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. पुढे इंडियन एअरलाइन्सने वर्षानुवर्षं हेच चालवलं. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीला पोचायचं, ते नागपूर मधोमध आहे म्हणून! झिरो माइलपाशी उभं राहून फोटो काढता, पण त्या मधोमध असण्याचा देशाने काय उपयोग करून घेतला ते तुम्हाला ठाऊक नाही. नेहरू ठाऊक, टाटा ठाऊक, आणि स्वतःच्या गावावरून रात्रभर काय जायचं याचा पत्ता नाही. सत्तरच्या दशकात ती सेवा बंद झाली तेव्हा तुम्ही इथेच हाफपँटमध्ये फिरत होता. घरात तार-टपालात नोकरी केलेले काका होते. आधी त्यांना विचारायचं होतं, मग तोंड उघडायचं होतं.