मुंगी की पक्षी? ‘फिलिपिन्स जिंका’ या फॉरवर्डला उत्तर

‘फिलिपिन्स जिंका: डिजिटल मार्केटिंगचे सहा मंत्र’ हा फॉरवर्ड दोन आठवड्यांत माझ्याकडे चार ग्रुपांतून आला. चारही वेळा मी काणाडोळा केला. मग भाचीचा फोन आला. तिची पहिलीच नोकरी. घरखर्चाचा हिशेब ठेवणारं ॲप आहे, आणि कंपनीला ते सेबू आणि दावाओ या शहरांत उतरवायचंय. “मावशी, प्रेझेंटेशन बघ ना जरा.” बघितलं. सहाच्या सहा मंत्र जसेच्या तसे उचललेले, फक्त फॉन्ट वेगळा. मी नऊ वर्षं मनिलाच्या क्लायंटांची कॅम्पेन सांभाळली आहेत. आता गप्प बसवत नाही.

मंत्र पहिला: ‘तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, भारतातलीच जाहिरात चालवा.’ अर्धं खरं आहे, चला. १९८७ च्या राज्यघटनेत फिलिपिनोच्या जोडीने इंग्रजीलाही अधिकृत भाषेचा दर्जा आहे, आणि मनिलालगतच्या मकातीतल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला इंग्रजी जाहिरात खुपत नाही. पण तोच माणूस बहिणीला मेसेज करतो तो टॅगलिशमध्ये, म्हणजे टागालोग (मनिलाकडची भाषा) आणि इंग्रजीच्या खिचडीत. भाचीच्या स्लाइडवर तर ‘सेव्ह वन लाख’ तसंच राहिलं होतं. लाख म्हणजे किती, हे तिथे कोण सांगणार?

मंत्र दुसरा वाचून मात्र डोकं फिरलं. ‘लोकल टच हवा तर एक ओळ भाषांतराच्या ॲपमधून टागालोग करून घ्या. टागालोग म्हणजे तिथली हिंदी, अख्ख्या देशात चालते.’ हे मराठी माणसं एकमेकांना पाठवताहेत! हिंदीवरून उतरवलेलं ‘माझी मदत करा’ दिसलं की आपले दात शिवशिवतात, आणि तोच उद्योग आपण सेबूच्या माणसावर करायचा.

तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०२० च्या जनगणनेत घरात कोणती भाषा बोलता हे विचारलं होतं. टागालोग सांगणारी घरं ३९.९ टक्के. बिसाया १६, हिलिगायनोन ७.३, इलोकानो ७.१, सेबुआनो ६.५, आणि पुढे यादी चालूच. म्हणजे दहातली सहा घरं आपसात दुसरंच काही बोलतात. आणि भाचीची दोन्ही शहरं नेमकी बिसाया-सेबुआनोवाली (सेबुआनोलाच तिथे बरेचदा बिसाया म्हणतात). ही एक आकडेवारी उघडून बघितली असती, तर हा मंत्र लिहिणाऱ्याचा हात थांबला असता.

यावर कोणी म्हणेल, टागालोग समजते की त्यांना. समजते, हो. राष्ट्रभाषा फिलिपिनो टागालोगवरच बेतलेली आहे, शाळेत शिकवतात, टीव्हीवर तीच असते. साताऱ्यातही हिंदी समजते. पण ‘लांगाम’ घ्या. टागालोगमध्ये मुंगी, सेबुआनोमध्ये पक्षी. किंवा ‘पो’. टागालोगमध्ये आदर दाखवायला वाक्यात पेरतात, आपल्या ‘अहो’सारखं. सेबुआनोत ही पद्धतच नाही. भाषांतराच्या ॲपने मोठ्या अदबीने ‘पो’ घातलेली ओळ सेबूत वाचली की पहिला अर्थ निघतो: हे मनिलाहून आलेलं दिसतंय.

उलट्या बाजूनेही पाय घसरतो. माझं ऐकून भाचीने सेबूच्या एका अनुवादिकेकडून ‘हिशेबात गोंधळ उडतोय?’ ही ओळ करून घेतली. छान झाली होती. मग हिचा उत्साह: “हीच मनिलालाही चालवू का?” त्या ओळीत ‘लिबोग’ होता. सेबुआनोत गोंधळ. टागालोगमध्ये कामवासना. घरखर्चाचं ॲप, आणि खाली कंपनीचा लोगो. पोरगी पाच मिनिटं फोनवर नुसती हसत होती.

तिसरा मंत्र, ‘समुद्र, नारळ, हसरे आशियाई चेहरे, फोटो कुठलेही चालतात.’ २०२३ मध्ये तिथल्या पर्यटन खात्याने ‘लव्ह द फिलिपिन्स’ ही नवी मोहीम काढली. प्रचाराच्या व्हिडिओत इंडोनेशिया, थायलंड, स्वित्झर्लंड, ब्राझीलची विकत मिळणारी दृश्यं सापडली. भातखाचरं बालीची! इफुगाओची भातखाचरं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या देशाच्या जाहिरातीत. लोकांनी धू-धू धुतलं, व्हिडिओ करणाऱ्या जाहिरात संस्थेने माफी मागितली, तिचं कंत्राट गेलं. पुढचा मंत्र.

‘ख्रिसमस डिसेंबरात, बजेट डिसेंबरात ओता.’ उशीर झालेला असतो हो. नावात ‘बर’ येणारा पहिला महिना सप्टेंबर, आणि १ सप्टेंबरपासून तिथल्या मॉलमध्ये ख्रिसमसची गाणी लागतात. तेराव्या महिन्याचा पगार, म्हणजे वर्षाअखेरचा एक जादा पगार, १९७५ च्या अध्यादेशानुसार २४ डिसेंबरपर्यंत हातात पडावाच लागतो. लोक तो कुठे घालायचा हे आधीच ठरवून बसतात.

‘जाहिरात एक तारखेला, पगाराच्या दिवशी.’ पगार आपला एक तारखेला. तिथे कायद्यानेच महिन्यातून किमान दोनदा द्यावा लागतो, बहुतेक ठिकाणी १५ आणि ३० ला. त्याआधीच्या कडकीच्या दिवसांना ‘पेत्सा दे पेलिग्रो’ म्हणतात, धोक्याची तारीख. खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार? फॉरवर्डवाल्याला त्याचा पत्ताच नाही.

सहावा मंत्र मूर्खपणाचा नाही, घातक आहे. ‘मोबाइल नंबरांची यादी विकत घ्या आणि नाव घालून एसएमएस पाठवा, आपुलकी वाटते.’ २०२२ मध्ये फिलिपिन्समधल्या लोकांना स्वतःचं नाव घातलेले फसवणुकीचे मेसेज ढिगाने येत होते. त्या संतापातच ऑक्टोबर २०२२ मध्ये सिम नोंदणीचा कायदा आला. अनोळखी नंबरावरून नाव घेऊन आलेला मेसेज बघून तिथल्या माणसाला आपुलकी वाटत नाही, तो आधी बँकेतले पैसे तपासतो. शिवाय २०१२ च्या डेटा प्रायव्हसी कायद्यात संमतीशिवाय माहिती वापरणाऱ्याला १ ते ३ वर्षं कैद आणि वर लाखो पेसोंचा दंड आहे. तिथे धंदा करायचा तर ऑफिस पुण्यात आहे म्हणून सुटका नाही. स्लाइडवर सही माझ्या भाचीची असणार होती, फॉरवर्ड लिहिणाऱ्याची नाही. म्हणून एवढं चिडून लिहितेय.

ती स्लाइड तिने उडवली. तारखा बदलल्या. सेबू-दावाओची ओळ वेगळी, मनिलाची वेगळी, आणि दोन्ही तिथलीच माणसं वाचून बघणार आहेत. साहेबांनी खर्च वाढला म्हणून तोंड वाकडं केलं म्हणे.

आणि काल तोच फॉरवर्ड पाचव्यांदा आला, आमच्या मेव्हण्यांकडून. आता शीर्षक ‘व्हिएतनाम जिंका’ आहे. दुसऱ्या मंत्रात टागालोग तसंच राहिलंय.